कृतज्ञता हवी, मिंधेपणा नको!

अमेरिकेत नोव्हेंबर महिन्याचा चौथा गुरुवार हा ‘थँक्सगिव्हिंग’चा म्हणजे आभार मानण्याचा दिवस. त्या दिवशी सारा देश सुट्टीवर असतो. दूरच्या शहरांत नोकरी करणारी मुले आईबापांकडे येतात, टर्की नावाचा मोठा पक्षी भाजला जातो आणि जेवणापूर्वी जो तो वर्षभरात जे मिळाले त्याबद्दल आभार व्यक्त करतो. चर्चमध्ये, शाळांत, सभागृहांत गोरगरिबांसाठी पंगती उठतात. पुढारी एप्रन बांधून वाढायला उभे राहतात आणि फोटो निघतात. आपल्या वाचकांना हे दृश्य अनोळखी नाही. पुढाऱ्याच्या वाढदिवशी सरकारी दवाखान्यात फळवाटप होते, तेव्हा एका सफरचंदाला सहा हात लागलेले असतात आणि खाटेवरचा रुग्ण कॅमेऱ्याकडे बघत असतो.

२०२५ सालचा हा सण मात्र अमेरिकेतल्या गरिबांना वेगळाच अनुभव देऊन गेला. संसदेतील भांडणापायी १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत केंद्र सरकारचे कामकाज ठप्प झाले होते. सुमारे ४ कोटी २० लाख लोकांना दरमहा धान्य-किराण्यासाठी मदत देणारी ‘स्नॅप’ ही योजना नोव्हेंबर लागताच अडकली. म्हणजे दर आठ माणसांमागे एकाच्या ताटाचा प्रश्न कोर्टकचेरीत गेला. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात मोफत अन्न वाटणाऱ्या केंद्रांपुढे रांगा वाढल्या. त्या रांगांत नोकरी करणारी माणसे होती, तान्ही मुले घेतलेल्या बाया होत्या, पगार थांबलेले सरकारी कर्मचारीही होते. आणि अवघ्या दोन आठवड्यांनी त्याच माणसांनी आभाराचा सण साजरा करायचा होता. आभार कोणाचे मानायचे, आणि कशाबद्दल?

हा प्रश्न या सणाच्या मुळाशीच आहे. अमेरिकन मुलांना शाळेत गोष्ट शिकवली जाते ती अशी, की १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून १०२ प्रवासी इंग्लंडहून आले. पहिल्या हिवाळ्यात त्यातले जवळपास निम्मे मेले. तिथल्या वाम्पानोआग या मूलनिवासी जमातीने उरलेल्यांना जगवले आणि १६२१ च्या सुगीनंतर दोघांनी तीन दिवस मिळून जेवण केले. गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. मका लावायला शिकवणाऱ्या टिस्क्वांटमला १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने फसवून पळवले होते व स्पेनमध्ये विकायला नेले होते. पाच वर्षांनी तो कसाबसा मायदेशी पोहोचला तेव्हा युरोपियनांबरोबर आलेल्या साथीने त्याचे पटक्सेट हे गाव पूर्ण ओसाड झालेले होते. पाहुण्यांनी वसाहत केली ती त्याच गावाच्या जागेवर. आपल्याच उजाड गावठाणात घरे बांधणाऱ्यांना त्याने मासळीचे खत घालून मका कसा लावावा हे शिकवले. जमातीचा प्रमुख मॅसासॉइट आपली नव्वद माणसे आणि शिकार केलेली पाच हरणे घेऊन जेवणाला आला होता. पाहुणे कोण आणि यजमान कोण, हे वाचकांनीच ठरवावे.

त्या जेवणाची जाण किती दिवस टिकली? पंचावन्न वर्षे. १६७५-७६ च्या युद्धात मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम याला वसाहतवाल्यांनी मारले. १७ ऑगस्ट १६७६ रोजी प्लिमथ गावात विजयाबद्दल ईश्वराचे आभार मानण्याचा दिवस पाळला जात असताना त्याचे मुंडके तिथे आणले गेले. ते खांबावर टांगले आणि वर्षानुवर्षे तिथेच ठेवले. बापाने हरणे आणली, मुलाचे मुंडके आले. दोन्ही प्रसंगी आभार मानले गेले!

१९७० साली मॅसॅच्युसेट्स राज्याने त्या आगमनाचा ३५० वा वर्धापनदिन साजरा करायचे ठरवले आणि वाम्पानोआग जमातीच्या वाम्सुटा फ्रँक जेम्स यांना भाषणाला बोलावले. त्यांनी भाषण लिहिले. आयोजकांनी ते आधी वाचले आणि ते बोलू देण्यास नकार दिला. मूलनिवाशाने व्यासपीठावर यावे, पण आभार मानायला यावे, अशी अपेक्षा होती. जेम्स यांनी दुसऱ्याने लिहिलेले भाषण वाचायला नकार दिला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला प्लिमथमध्येच मॅसासॉइटच्या पुतळ्यापाशी त्यांचे लोक जमले आणि तो ‘राष्ट्रीय शोकदिन’ म्हणून पाळला गेला. तेव्हापासून दर वर्षी तो पाळला जातो.

यावरून कृतज्ञता हा गुणच टाकाऊ आहे, असे कोणी म्हणू नये. तथागतांनी जगात दुर्मिळ अशी दोन माणसे सांगितली आहेत, एक आपणहून आधी मदत करणारा आणि दुसरा केलेल्या मदतीची जाण ठेवणारा. प्रश्न आहे तो कृतज्ञतेला हद्द असते की नाही, हा. आणि या प्रश्नाचे उत्तर आपल्या चळवळीला फार पूर्वी मिळालेले आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत जे अखेरचे मोठे भाषण केले, त्यातील सामाजिक विषमतेचा इशारा आपण सारे पाठ म्हणतो. त्याच भाषणात कृतज्ञतेविषयीही एक भाग आहे, तो मात्र क्वचित वाचला जातो. देशासाठी आयुष्य वेचणाऱ्या थोर माणसांबद्दल कृतज्ञ राहण्यात गैर काही नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा असते, असे बाबासाहेबांनी बजावले. त्यासाठी त्यांनी दाखला दिला तो आयर्लंडचे नेते डॅनियल ओ’कॉनेल यांचा. माणसाने आपला मान, स्त्रीने आपले शील आणि राष्ट्राने आपले स्वातंत्र्य गमावून कृतज्ञ राहता येत नाही, असा त्या वचनाचा आशय. योगायोग असा की अमेरिकेत त्या वर्षीचे थँक्सगिव्हिंग आदल्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला होऊन गेले होते.

बाबासाहेबांचे हे बोल नुसते पुस्तकी नव्हते. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीच्या करारात परतल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याची अट होती. १९१७ साली ते करार पाळायला बडोद्याला गेले. तेव्हा कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकत होते आणि राहायला जागा मिळत नव्हती. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, हे सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेब बडोदे सोडून निघाले. पण १९२५ साली त्यांचा प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तो त्यांनी शिक्षणाला केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीरावांनाच अर्पण केला. मदत करणाऱ्याचे ऋण त्यांनी उघडपणे मान्य केले आणि अपमान करणाऱ्या व्यवस्थेशी तडजोड केली नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी करता येतात.

आपल्या वाडवडिलांना हे करू दिले गेले नव्हते. त्यांच्याकडून रात्रंदिवस गावकी करून घेतली जाई आणि त्याबदल्यात दारोदार फिरून मागितलेले भाकरीचे शिळे तुकडे मिळत. ती कष्टाची मजुरी होती, पण तिला नाव होते उपकाराचे. वर ‘जोहार मायबाप’ म्हणावे लागे. ज्याने घाम गाळला त्यानेच आभार मानायचे! १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे तुकडे सोडा, असे सांगितले. ते तुकडे सुटले तेव्हाच ‘जोहार’ सुटला आणि पुढे त्याची जागा ‘जय भीम’ने घेतली.

अमेरिकेतल्या काळ्या माणसाच्या इतिहासात याच वळणाचा एक प्रसंग आहे. त्याचा धागा पुन्हा ओ’कॉनेलपाशीच जातो. गुलामीतून पळालेला तरुण फ्रेडरिक डग्लस १८४५ साली डब्लिनला गेला, तेव्हा त्याने ओ’कॉनेल यांचे भाषण ऐकले आणि तिथेच दोघांची भेट झाली. ओ’कॉनेल गुलामगिरीचे कट्टर विरोधक. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध झाले. १८६३ साली लिंकन यांनी गुलाममुक्तीची घोषणा केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार देशभर आभारदिन म्हणून पाळावा असे आवाहनही केले. (चौथा गुरुवार हा कायदा १९४१ चा.) लिंकन यांचा खून झाल्यावर मुक्त झालेल्या काळ्या माणसांनी आपल्या कष्टाच्या पैशातून त्यांचे स्मारक करायचे ठरवले. पहिले पाच डॉलर दिले ते शार्लट स्कॉट या एकेकाळी गुलाम असलेल्या स्त्रीने. पैसे काळ्यांचे, पण पुतळा कसा असावा हे ठरवले गोऱ्या मंडळींनी. म्हणून उभे लिंकन आणि त्यांच्या पायाशी गुडघ्यावर बसलेला, अंगावर धड कपडा नसलेला काळा माणूस, असा पुतळा तयार झाला.

१४ एप्रिल १८७६ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्याचे अनावरण झाले. समोर राष्ट्राध्यक्ष ग्रँट बसलेले होते आणि भाषणाला उभे राहिले डग्लस. त्यांच्याकडून स्तुतिस्तोत्राची अपेक्षा होती. डग्लस यांनी लिंकनबद्दल कृतज्ञता जरूर व्यक्त केली, पण लिंकन हे मूलतः गोऱ्यांचे राष्ट्राध्यक्ष होते, आमचा विचार त्यांनी नंतर व उशिरा केला, हेही त्याच व्यासपीठावरून ऐकवले. काही दिवसांनी त्यांनी वृत्तपत्राला पत्र लिहून पुतळ्यातला काळा माणूस गुडघ्यांवर नको, आपल्या पायांवर ताठ उभा हवा, अशी इच्छा बोलून दाखवली. त्या पुतळ्याची बोस्टनमधली प्रतिकृती २०२० च्या डिसेंबरात हलवली गेली. म्हणजे डग्लस यांचे म्हणणे बोस्टनला पटायला १४४ वर्षे लागली.

आता गरजूंना मदत करण्याच्या मुद्द्याकडे येऊ. फूड बँक ही अमेरिकेने जगाला दिलेली कल्पना आहे. १९६७ साली ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल या गृहस्थाने सेंट मेरीज ही पहिली फूड बँक काढली. दुकानांच्या कचऱ्याच्या डब्यांतले चांगले अन्न वेचून एक बाई मुलांना जगवते आहे, हे पाहून त्याला ती सुचली. माणूस तळमळीचा होता, यात शंका नाही. पुढे १९७६ च्या कर कायद्याने शिल्लक अन्न दान करणाऱ्या कंपन्यांना करात सवलत मिळू लागली आणि फूड बँकांचे जाळे देशभर पसरले. आज त्यांची संख्या दोनशेच्या आसपास आहे आणि त्यांच्या हाताखाली हजारो वाटप केंद्रे चालतात. पण या संस्था स्वतःच सांगतात, की आम्ही एक जेवण पुरवतो तेव्हा सरकारची ‘स्नॅप’ योजना नऊ जेवणे पुरवते. म्हणजे सारा देश थँक्सगिव्हिंगला ज्या दानशूरपणाचे गोडवे गातो त्याचा वाटा एक, आणि कायद्याने मिळणाऱ्या हक्काचा वाटा नऊ. हे नऊ काढून घेतले तर काय होते, ते २०२५ च्या नोव्हेंबरने दाखवलेच.

जॅनेट पॉपेनडिक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९९८ साली ‘स्वीट चॅरिटी?’ या पुस्तकात नेमके हेच दुखणे मांडले. दान देणाऱ्याला समाधान वाटते, काहीतरी केल्यासारखे वाटते आणि सरकारला जबाब विचारण्याची निकड कमी होते. फूड बँकांचा आणखी एक अनुभव बोलका आहे. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात वाढायला येणाऱ्यांची इतकी गर्दी होते की लोकांना परत पाठवावे लागते. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ पडलेला असतो, घर गरम ठेवण्याचे बिल वाढलेले असते आणि भूकही तेवढीच असते. तेव्हा मात्र माणसे मिळत नाहीत. सण संपला की करुणाही संपते!

आणि हे अन्न पिकवतो कोण? २५ नोव्हेंबर १९६० रोजी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्याच दिवशी, सीबीएस वाहिनीवर एडवर्ड मरो यांनी ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा माहितीपट दाखवला. भरल्या पोटी बसलेल्या देशाला त्यांनी फिरत्या शेतमजुरांच्या चाळवजा खोल्या, त्यांची उपाशी मुले आणि पहाटे ट्रकमध्ये कोंबून नेली जाणारी काळी-गोरी माणसे दाखवली. दिवस मुद्दाम निवडला होता. या मजुरांची हालत देवाने केलेली नव्हती. १९३५ च्या कायद्याने कामगारांना संघटना करण्याचा हक्क मिळाला, पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. दक्षिणेत ही दोन्ही कामे प्रामुख्याने काळी माणसे करत होती. ती वगळणूक केंद्रीय कायद्यात आजही कायम आहे. आपल्याकडे ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पाहिलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही.

मरो यांच्या कॅमेऱ्याने टिपलेल्या फ्लोरिडातल्याच इमोकली या गावी १९९३ पासून टोमॅटो तोडणारे मजूर संघटित होऊ लागले. मेक्सिको, ग्वाटेमाला, हैती इथून आलेली ही माणसे. त्यांनी अन्नाची पाकिटे मागितली नाहीत. टोमॅटो विकत घेणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी दर पौंडामागे एक सेंट जास्त द्यावा, एवढीच मागणी केली. २००१ साली त्यांनी ‘टॅको बेल’ या हॉटेल साखळीवर बहिष्कार पुकारला, विद्यार्थी व चर्चची मंडळी बरोबर घेतली आणि २००५ साली कंपनीला मागणी मान्य करायला लावली. त्यानंतर इतर कंपन्या एकामागून एक आल्या. पौंडामागे एक सेंट! त्यासाठी कोणाचे एप्रन घातलेले फोटो निघाले नाहीत.

याच ओळीत ब्लॅक पँथर्सचे नाव घ्यावे लागेल. १९६९ च्या जानेवारीत ओकलंडच्या एका चर्चमध्ये त्यांनी शाळकरी मुलांना सकाळी फुकट न्याहारी देणे सुरू केले. बंदुकीचे फोटो सर्वांना आठवतात, न्याहारीचे ताट मात्र कोणी आठवत नाही. मुलांकडून आभार मागितले जात नव्हते. उपाशी मूल शिकू शकत नाही आणि ते उपाशी का आहे, हे त्यांना सांगितले जात होते. अमेरिकन गुप्तचर खात्याला बंदुकांइतकीच या न्याहारीची धास्ती वाटली. १९७५ साली सरकारची शालेय न्याहारी योजना कायम झाली, तिच्यामागे या दबावाचाही भाग होता. त्याच पँथर्सचे नाव घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे तर आपल्या घरातलेच.

मदत आणि कृतज्ञता यांचे मला माहीत असलेले सर्वांत सुंदर उदाहरण थँक्सगिव्हिंगच्या गोष्टीत नाहीच. ते ओ’कॉनेल यांच्या आयर्लंडमधले आहे. १८४५ पासून तिथे बटाट्याचे पीक सडले आणि दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने व रोगाने मेली. मदत मिळत होती, पण १८४७ च्या ब्रिटिश कायद्यात कलम घातले गेले, की ज्याच्याकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याने ती सोडल्याशिवाय मदत मिळणार नाही. वाटीभर सूप घ्या आणि जमीन द्या! त्याच वर्षी अमेरिकेतल्या चोक्टॉ जमातीने १७० डॉलर गोळा करून आयर्लंडला पाठवले. या जमातीला जेमतेम पंधरा वर्षांपूर्वी सरकारने स्वतःच्या भूमीतून हाकलून ओक्लाहोमाकडे पायी नेले होते आणि वाटेत त्यांची हजारो माणसे मेली होती. आयर्लंड त्यांच्यापासून फार दूर होते. भूक मात्र पाहिलेली होती. बदल्यात त्यांनी काहीच मागितले नाही.

आयर्लंडने ते विसरले नाही. कॉर्क परगण्यातील मिडल्टन गावी पोलादाच्या नऊ उंच पिसांचे गोलाकार शिल्प उभे आहे, ते चोक्टॉंसाठी. त्यात कोणी गुडघ्यावर बसलेले नाही. २०१८ साली आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर ओक्लाहोमात चोक्टॉंच्या भेटीला गेले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव आपल्या मालवण तालुक्यातले वराड. तिथे त्यांनी चोक्टॉ विद्यार्थ्यांना आयर्लंडमध्ये शिकण्यासाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. आणि २०२० च्या साथीत नवाहो व होपी जमातींच्या वस्त्यांत पाण्याचे व अन्नाचे हाल सुरू झाले, तेव्हा हजारो आयरिश माणसांनी १८४७ ची आठवण लिहून पैसे पाठवले. चोक्टॉंचे देणे त्यांनी दुसऱ्याच गरजवंत जमातींना फेडले. ऋण असे फिरते राहिले की देणारा मालक होत नाही आणि घेणारा ताटाखालचे मांजर होत नाही.

आपल्याकडे हल्ली रेशनच्या पिशवीवर नेत्याचा फोटो येतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मिळालेल्या धान्याला भेटीचे रूप दिले जाते आणि नागरिकाला ‘लाभार्थी’ म्हटले जाते. ‘लाभार्थी’ हा ‘जोहार मायबाप’चाच नवा अवतार आहे, असे आम्हाला वाटते. पण त्यावर स्वतंत्रपणे लिहू.

अमेरिकेत आज आपली बरीच माणसे आहेत. नागपूर, अमरावती, औरंगाबाद, मुंबईच्या वस्त्यांतून शिष्यवृत्तीवर शिकून गेलेली. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी मेरीलँड राज्यातील ॲकोकीक येथे बाबासाहेबांचा एकोणीस फुटी पुतळा उभा राहिला, तो अशाच माणसांच्या धडपडीतून. २०२६ साली थँक्सगिव्हिंगचा गुरुवार नेमका २६ नोव्हेंबरला, संविधान दिनीच येतो. एरवी कामाच्या दिवशी येणारा संविधान दिन त्यांना त्या वर्षी सुट्टीत साजरा करता येईल. त्या दिवशी मुलांना २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणातला कृतज्ञतेचा भाग वाचून दाखवावा. गावाकडच्या एखाद्या मुलीच्या वसतिगृहाची फी भरायची असेल तर फोटोशिवाय आणि अटीशिवाय भरावी. जवळच्या फूड बँकेत जायचे तर डबे नेण्यापेक्षा पैसे द्यावेत, कारण ठोक भावात तेवढ्याच पैशात जास्त धान्य येते. आणि कामासाठी नाव नोंदवताना नोव्हेंबरचे नोंदवू नये. तिथे माणसे कमी पडतात ती फेब्रुवारीत.